पडद्यावरचा काळोख : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात कृष्णधवल छायालेखनाविषयी लिहिताना १९४० आणि १९५० च्या दशकांतल्या अमेरिकन गुन्हेपटांचा, म्हणजे ‘फिल्म न्वार’चा, मी जाता जाता उल्लेख केला होता. उरलेल्या लेखापेक्षा त्या एका परिच्छेदावरच जास्त पत्रं आली, आणि मला त्याचा मनापासून आनंद झाला. साठच्या दशकाच्या अखेरीस मी मुंबईत कॅमेरा असिस्टंट म्हणून लागलो तेव्हा रंगीत फिल्मचं राज्य सुरू झालं होतं, पण ज्यांच्या हाताखाली शिकलो ती माणसं कृष्णधवलमध्ये वाढलेली. लाइट लावताना त्यांच्या तोंडी याच सिनेमांची नावं असायची. त्यामुळे या विषयावर मला तटस्थ राहता येत नाही. निवडक पत्रांना इथे उत्तरं देतो.

ओटीटीवरच्या गुन्ह्यांच्या मालिका मी आवडीने पाहते. न्वार मात्र एकही पाहिलेला नाही. मोठी यादी नको. एकच नाव सांगा, आणि तेच का, ते सांगा.
— एक शिक्षिका, सांगली

‘डबल इन्डेम्निटी’, १९४४. दिग्दर्शक बिली वायल्डर, पटकथा वायल्डर आणि रेमंड चँडलर यांची, मूळ कादंबरी जेम्स एम. केन यांची. लॉस एंजेलिसमधला एक विमा एजंट मोटारीच्या पॉलिसीच्या नूतनीकरणासाठी एका बंगल्यावर जातो. मालक घरी नसतो, बायको असते. काही दिवसांतच दोघं मिळून नवऱ्याचा काटा काढायचा आणि विम्याची रक्कम घ्यायची, असा बेत ठरतो. पॉलिसीत एक कलम आहे: काही ठरावीक अपघातांत, उदाहरणार्थ आगगाडीच्या प्रवासात, मृत्यू आला तर रक्कम दुप्पट. म्हणून नवरा गाडीतून पडून मेला असं दिसायला हवं.

तुम्ही पाहता त्या मालिकांत ‘कोणी केलं’ हे शेवटच्या भागापर्यंत झाकून ठेवतात. इथे सिनेमा सुरू होतो तोच हा एजंट, वॉल्टर नेफ, रात्री आपल्या कचेरीत येतो. खांद्यात गोळी आहे. डिक्टाफोनसमोर, म्हणजे आवाज नोंदवणाऱ्या यंत्रासमोर, बसून तो आपल्या सहकाऱ्याला उद्देशून कबुली देऊ लागतो. खून त्यानेच केला, पैसा आणि बाई यांच्यासाठी केला, आणि दोन्ही हाती लागलं नाही. म्हणजे रहस्य पहिल्या काही मिनिटांतच संपलं. पुढे दीड तास आपण एक हुशार, हसतमुख, चारचौघांसारखा माणूस एकेक पायरी उतरताना पाहतो. मला न्वारचं मर्म इथे दिसतं. आपण काय करतो आहोत हे या माणसाला पुरतं ठाऊक असतं. थांबायची जागाही त्याला दिसते. तो थांबत नाही.

नेफच्या भूमिकेत फ्रेड मॅकमरे आहे. हा नट तोवर हलक्याफुलक्या सिनेमांतला म्हणून लोकांना माहीत होता, आणि वायल्डरला नेमका तोच चेहरा हवा होता. बायको झालेल्या बार्बरा स्टॅनविकच्या डोक्यावर सोनेरी टोप आहे, घोट्यात साखळी आहे, आणि तिची नजर पापणी न लवता समोरच्यावर ठरते. पण माझं मन बसलं ते एडवर्ड जी. रॉबिन्सनवर. तो कंपनीतला दावे तपासणारा कीज. खोटा दावा आला की त्याच्या पोटात काहीतरी ढवळायला लागतं. आत्महत्यांची आकडेवारी तो एका दमात वरिष्ठाला ऐकवतो, तो प्रसंग मी कितीही वेळा पाहू शकतो. कीजच्या खिशात सिगार असतो, काडी कधीच नसते. प्रत्येक वेळी नेफ अंगठ्याच्या नखावर काडी ओढून त्याचा सिगार पेटवतो. या काड्यांवर लक्ष ठेवा. दोन पुरुषांमधला जिव्हाळा वायल्डरने त्यांतूनच सांगितला आहे, आणि सिनेमातलं खरं प्रेम तेच आहे, असं माझं मत आहे.

खुनाचा बेत पक्का करायला ते दोघं भेटतात सुपरमार्केटमध्ये. डबे रचलेल्या फडताळांमध्ये अनोळखी असल्यासारखे उभे राहून खालच्या आवाजात बोलतात, आणि बाजूने बायका किराणा घेत फिरत असतात. भर उजेडातला हा प्रसंग अंधारातल्या कितीतरी प्रसंगांहून जास्त अंगावर येतो.

नेफला गॅस चेंबरमध्ये मृत्युदंड देण्याचा प्रसंग वायल्डरने खास सेट उभारून चित्रित केला होता, आणि नंतर काढून टाकला. कीज आणि नेफ यांच्या अखेरच्या भेटीनंतर त्याची गरज उरली नव्हती. सात ऑस्कर नामांकनं मिळाली, पुरस्कार एकही नाही. रात्री जेवणं आटोपल्यावर, खोलीतला दिवा बंद करून पाहा.

सर, आम्ही कॉलेजच्या स्पर्धेसाठी मोबाइलवर कृष्णधवल शॉर्ट फिल्म करतोय. न्वारसारखा काळोख हवा आहे, पण अंधार काळा न येता राखाडी आणि खरखरीत येतो. ते लोक लाइटिंग कसं करायचे?
— अभियांत्रिकीचा विद्यार्थी, नाशिक

तुमच्या प्रश्नाने मला सर्वांत आनंद झाला, म्हणून सविस्तर सांगतो.

तुमचा मोबाइल अंधार दिसला की घाबरतो आणि सगळं चित्र आपोआप उजळ करतो. ती खरखर तिथून येते. उजेडातल्या गालावर बोट ठेवून एक्स्पोजर तिथे लॉक करा आणि मग थोडं खालीच घ्या. चेहऱ्याची उजेडातली बाजू बरोबर आली पाहिजे, बाकी जे बुडेल ते बुडू द्या. शूटिंग उजेडात करून नंतर संगणकावर काळं करण्याच्या फंदात पडू नका.

दुसरी गोष्ट खोलीची. चेहऱ्यावर मुख्य प्रकाश टाकते ती ‘की लाइट’, आणि तिने पडलेल्या सावल्या सौम्य करते ती ‘फिल लाइट’. न्वारवाल्यांनी फिल जवळजवळ काढूनच टाकली, त्यामुळे अर्धा चेहरा शाईत बुडाला. तुम्हीही एकच दिवा लावला असेल, पण घराच्या पांढऱ्या भिंती आणि छत तो प्रकाश परत चेहऱ्यावर फेकतात. ती भिंतच तुमची फिल लाइट झाली आहे. कॅमेऱ्याबाहेरच्या बाजूला काळी चादर किंवा घोंगडी टांगा. फरक लगेच दिसेल. माणसाला मागच्या भिंतीपासून जितकं दूर आणता येईल तितकं आणा आणि दिवा माणसाच्या जवळ घ्या. दिव्यापासूनचं अंतर दुप्पट झालं की प्रकाश चौथाईवर येतो, त्यामुळे भिंत आपोआप काळोखात जाते.

पण नुसता काळोख म्हणजे न्वार नव्हे. काळोखात कुठेतरी उजेडाचा एक तुकडा लागतो, त्याच्यामुळे काळं काळं दिसतं. मागच्या भिंतीवर दाराच्या फटीतून येईल तेवढी एक पट्टी ठेवा.

खिडकीवरच्या आडव्या पट्ट्यांच्या पडद्याची (व्हेनेशियन ब्लाइंडची) प्रसिद्ध सावली हवी असेल तर उघडा, छोटा, कडक दिवा घ्या. कागद लावून मऊ केलेला चालणार नाही. दिवा पडद्यापासून लांब आणि पडदा भिंतीच्या जवळ, म्हणजे सावलीच्या कडा धारदार येतात. ‘डबल इन्डेम्निटी’चे छायालेखक जॉन सायट्झ यांनी त्या बंगल्याच्या दिवाणखान्यात हीच सावली वापरली, आणि बंद घरातली धूळ उन्हात तरंगताना दिसावी म्हणून हवेत अॅल्युमिनियमची बारीक भुकटी सोडली. तुम्ही कृपा करून तसं करू नका, ती छातीत जाते. दोन अगरबत्त्या पुरतात, मात्र दिवा धुराच्या मागून कॅमेऱ्याच्या दिशेने आला पाहिजे.

आणि छायालेखक जॉन ऑल्टन यांचं काम पाहा. ‘टी-मेन’ (१९४७) पाहा, मग ‘द बिग कॉम्बो’ (१९५५). दोन्ही कमी पैशांतले सिनेमे. ‘बिग कॉम्बो’चा शेवट विमानतळावर आहे, पण विमानतळ असा फारसा दिसतच नाही. धुकं, एक फिरता प्रकाशझोत आणि दोन काळ्या आकृत्या. सेटला पैसे नव्हते म्हणून धुकं आलं असेल, पण परिणाम असा की ते दोघं कुठल्याच जगात उभे नाहीत असं वाटतं. ऑल्टन यांनी छायालेखनावर ‘पेंटिंग विथ लाइट’ नावाचं पुस्तक १९४९ मध्ये लिहिलं. कॉलेजच्या ग्रंथालयात मागणी नोंदवा. तुमची फिल्म झाली की मला जरूर पाठवा.

या सिनेमांत बाई दिसली की ती पुरुषाला नादी लावणारी आणि शेवटी मरणारी. मला त्याचा संताप येतो. तरीही पाहावेत का?
— एक वाचक, ठाणे

तुमचा संताप योग्य जागी आहे, तो सोडू नका. फक्त त्यात दोन गोष्टींची भर घाला.

पहिली, त्या काळी हॉलिवुडमध्ये निर्मात्यांनी स्वतःवर घालून घेतलेली आचारसंहिता होती आणि १९३४ पासून ती कडकपणे राबवली जात होती. गुन्हा करणाऱ्याला शिक्षा झालीच पाहिजे आणि व्यभिचार आकर्षक दिसता कामा नये, असा तिचा दंडक. ‘डबल इन्डेम्निटी’ची मूळ कादंबरी, केन यांची, याच कारणाने कित्येक वर्षं पडद्यावर येऊ शकली नाही. त्यामुळे ती बाई मरते तेव्हा तो दिग्दर्शकाचा निवाडा आहे की आचारसंहिता राबवणाऱ्या कार्यालयातून आलेली अट, हे दर वेळी पाहावं लागतं. मरेपर्यंतच्या नव्वद मिनिटांत तिला मिळालेली बुद्धी, भूक आणि धाडस त्या काळच्या इतर सिनेमांतल्या किती नायिकांना मिळालं?

दुसरी, ‘इन अ लोनली प्लेस’ (१९५०) पाहा. दिग्दर्शक निकोलस रे. हम्फ्री बोगार्ट पटकथालेखकाच्या भूमिकेत आहे आणि त्याच्यावर एका तरुणीच्या खुनाचा संशय आहे. समोरच्या घरातली ग्लोरिया ग्रॅहम त्याच्या बाजूने साक्ष देते आणि त्याच्या प्रेमात पडते. मग त्याचा राग तिला दिसायला लागतो. मोटार चालवताना, मित्रांमध्ये, अगदी साध्या प्रसंगात. खून त्याने केला की नाही हा प्रश्न हळूहळू मागे पडतो आणि दुसराच प्रश्न उभा राहतो: या माणसासोबत एका घरात राहायचं का? पुरुषाच्या हिंसेकडे बाईच्या नजरेतून इतक्या स्पष्टपणे पाहणारा त्या काळातला दुसरा सिनेमा मला माहीत नाही. मूळ कादंबरी डोरोथी बी. ह्यूज या लेखिकेची. रे आणि ग्रॅहम नवरा-बायको होते आणि चित्रीकरणाच्या काळातच त्यांचा संसार मोडत होता. पटकथेत लिहिलेला शेवट रे यांनी सेटवर बदलला. जो ठेवला तो जास्त खरा आहे आणि जास्त दुखतो.

ग्रॅहम आवडली तर फ्रिट्झ लँग यांचा ‘द बिग हीट’ (१९५३) लगेच लावा.

आणि आयडा ल्युपिनो. अभिनेत्री होती, स्वतःची निर्मितीसंस्था काढून दिग्दर्शक झाली. तिचा ‘द हिच-हायकर’ (१९५३) हा त्या काळातला स्त्रीने दिग्दर्शित केलेला न्वार म्हणून सगळ्यांच्या तोंडी आहे. मासेमारीला निघालेले दोन मित्र वाटेत एकाला गाडीत घेतात, आणि तो बंदूक काढतो. त्याचा एक डोळा झोपेतही मिटत नाही, त्यामुळे तो जागा आहे की झोपला हे दोघांना कळत नाही. संकटात सापडलेले दोन पुरुष बाईने किती बारकाईने पाहिले आहेत ते पाहा.

‘द बिग स्लीप’ पाहिला. कोणी कोणाला मारलं, काही म्हणजे काही कळलं नाही. माझंच चुकलं का?
— पनवेल

अजिबात नाही. त्यातल्या शोफरचा खून कोणी केला, असं दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्स यांच्या मंडळींनी कादंबरीकार चँडलर यांनाच विचारलं होतं, तर त्यांनाही ते ठाऊक नव्हतं. हा सिनेमा बोगार्ट आणि लॉरेन बकॉल यांचं बोलणं ऐकण्यासाठी आहे. गोष्ट सुटसुटीत हवी असेल तर बोगार्टचाच ‘द मॉल्टीज फाल्कन’ (१९४१) पाहा. जॉन ह्यूस्टन यांचं ते पहिलं दिग्दर्शन.

निवृत्तिवेतनात भागवतो. वर्गणी न भरता यांतलं काय पाहता येईल?
— दापोली

बरंच काही. अमेरिकेत यांतल्या काहींचे हक्क संपले आहेत आणि ते इंटरनेट आर्काइव्ह (archive.org) या संकेतस्थळावर विनामूल्य आहेत. वर सांगितलेला ‘द हिच-हायकर’, लँग यांचा ‘स्कार्लेट स्ट्रीट’ (१९४५), आणि ‘डी.ओ.ए.’ (१९५०). या शेवटच्यात एक माणूस पोलीसठाण्यात खुनाची तक्रार द्यायला येतो. कोणाचा खून? माझा, म्हणतो. त्याला विष दिलं गेलं आहे आणि हातात थोडाच वेळ उरला आहे.

पण सुरुवात ‘डीटूर’ने करा. १९४५ चा, सव्वा तासाच्या आतला. एडगर उल्मर यांनी पीआरसी नावाच्या एका गरीब स्टुडिओसाठी तो केला. न्यूयॉर्कचा पियानोवादक प्रेयसीला भेटायला हॉलिवुडकडे निघतो, खिशात पैसे नाहीत म्हणून वाटेत लोकांच्या गाड्या थांबवत जातो. न्यूयॉर्कचा रस्ता उभारायला पैसे नव्हते, तिथे धुकं सोडलं आहे. काही प्रसंगांत निगेटिव्ह उलटी छापली आहे, कारण पश्चिमेला निघालेला माणूस पडद्यावर उजवीकडून डावीकडे जाताना दिसायला हवा होता. परिणाम असा की अमेरिकेत, जिथे गाड्या उजवीकडून चालतात, त्या डावीकडून धावतात! निम्म्या वाटेवर अभिनेत्री अॅन सॅव्हेज गाडीत बसते आणि सिनेमा ताब्यात घेते. इतकी कडवट, इतकी जिवंत बाई मी पडद्यावर क्वचितच पाहिली आहे.

एक काळजी घ्या. फुकट मिळणाऱ्या प्रतींत काही फार धुतलेल्या असतात, त्यांत काळा रंगच उरलेला नसतो. ‘डीटूर’ची उत्तम दुरुस्त प्रत २०१८ मध्ये तयार झाली. ती कुठे, कुणाकडे पाहायला मिळाली तर सोडू नका.

आपल्याकडे असं काही घडलं का, की आपण नुसती नक्कल केली?
— एक ज्येष्ठ वाचक, कोल्हापूर

नक्कल म्हणणं मला पटत नाही, आणि त्याचं कारण सांगतो. १९३० मध्ये बर्लिनमध्ये काही तरुणांनी ‘मेन्शन आम झोन्टाग’ नावाचा एक छोटा मूकपट केला. दिग्दर्शनात रॉबर्ट सिओडमाक आणि उल्मर, लेखनात बिली वायल्डर. उल्मर लवकरच अमेरिकेला गेले, बाकीचे दोघं हिटलर आल्यावर देश सोडून गेले, आणि शेवटी सगळे हॉलिवुडला पोचले. वायल्डरने ‘डबल इन्डेम्निटी’ केला, उल्मरने ‘डीटूर’, सिओडमाकने ‘द किलर्स’ (१९४६). लँगही तिथलेच. म्हणजे न्वारचा उजेड-काळोख बऱ्याच अंशी जर्मन स्टुडिओंमधून अमेरिकेत गेला.

तोच प्रकाश दुसऱ्या वाटेने मालाडला आला. बॉम्बे टॉकीजचे छायालेखक जोसेफ विर्शिंग म्युनिकचे. मालाडच्या स्टुडिओत त्यांनी आपल्या लोकांना हाताशी धरून काम केलं, युद्धकाळात जर्मन म्हणून स्थानबद्धतेत राहिले, परत आले आणि १९४९ मध्ये कमाल अमरोहींचा ‘महल’ केला. झुंबर, झोपाळा, जिन्यावरची सावली आणि अशोककुमारचा अर्धा उजळलेला चेहरा पाहा. त्याला भूतपट म्हणतात, पण मला तो न्वारच वाटतो. तोही आपल्याला कळून-सवरून विनाशाकडे चालत गेलेल्या माणसाचा सिनेमा आहे.

मग ‘बाजी’ (१९५१). गुरुदत्त आणि देव आनंद यांची दोस्ती पुण्यात प्रभातमध्ये जुळली होती. देव आनंदच्या नवकेतन या निर्मितीसंस्थेने गुरुदत्तला पहिलं दिग्दर्शन दिलं ते हे. पटकथा बलराज साहनींची. जुगारी नायक, क्लब, धूर, चेहरा न दाखवणारा सूत्रधार, सगळं अमेरिकन वळणाचं आहे. पण नायक जुगार खेळतो तो आजारी बहिणीसाठी, आणि गाणी त्याच्या मनातलं बोलतात. ते अमेरिकेत नाही. या सिनेमात व्ही. के. मूर्ती सहायक होते. एका गाण्यातला अवघड शॉट त्यांनी सुचवला आणि स्वतः घेऊन दाखवला. पुढच्या ‘जाल’पासून (१९५२) ते गुरुदत्तचे छायालेखक झाले. ‘जाल’ची गोष्ट गोव्याच्या कोळ्यांमधली आहे. मग राज खोसलांचा ‘सी.आय.डी.’ (१९५६).

मराठीत राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ (१९६४) आहे. मेलेल्या बायकोचा चेहरा घेऊन दुसरी बाई कोर्टात उभी राहते. न्वारपेक्षा तो कोर्टातल्या रहस्याकडे झुकतो, पण त्यातली शंका त्याच घराण्यातली आहे. ‘सी.आय.डी.’वाल्या राज खोसलांनीच तो हिंदीत ‘मेरा साया’ (१९६६) म्हणून केला. परांजपे यांच्या विनोदी सिनेमांचं आपण जेवढं कौतुक करतो तेवढंच याचं व्हायला हवं, असं मला फार वाटतं.

माझी सोळा वर्षांची मुलगी इथेच वाढली आहे. कृष्णधवल म्हटलं की उठून जाते. तिला एक दाखवायचा तर कोणता?
— न्यू जर्सी

‘द थर्ड मॅन’ (१९४९). हा ब्रिटिश सिनेमा. दिग्दर्शक कॅरल रीड, लेखक ग्रॅहम ग्रीन. महायुद्धानंतर चार राष्ट्रांनी वाटून घेतलेलं व्हिएन्ना. एक अमेरिकन लेखक मित्राने बोलावलं म्हणून तिथे येतो, तर मित्राला त्याच दिवशी पुरायचं आहे. पुढे कळतं की हा मित्र पाणी घातलेलं पेनिसिलिन विकत होता आणि त्यामुळे रुग्णालयात मुलं मेली. सोळाव्या वर्षी मैत्री म्हणजे सर्वस्व असतं. मित्र असा निघाला तर काय करायचं, हा प्रश्न तिला नक्की भिडेल.

शिवाय सिनेमा खरोखरच त्या शहरात चित्रित झाला आहे. बाँबने पडलेली घरं खरी आहेत, ओल्या दगडी रस्त्यांवर उजेड चमकतो, कॅमेरा तिरका असतो. रॉबर्ट क्रास्कर यांना छायालेखनाचं ऑस्कर मिळालं. संगीत म्हणून आंटोन कारास यांचं एकट्याचं झिदर हे तारवाद्य वाजतं. त्याची धून तिच्या कानात दुसऱ्या दिवशीही राहील. नट ऑर्सन वेल्स तासाभराने येतो. तोवर उठू देऊ नका. शेवट ग्रीन यांना वेगळा हवा होता. रीड हटले नाहीत, आणि ग्रीन यांनी पुढे मोकळेपणाने मान्य केलं की रीड यांचंच बरोबर होतं. पाहून झाल्यावर तिला दोघांपैकी कोण बरोबर वाटतं ते विचारा.

तुम्ही अमेरिकेत आहात म्हणून एक सूचना. तिथे त्या वेळी प्रदर्शित झालेली प्रत अकरा मिनिटांनी कापलेली होती. १०४ मिनिटांचीच प्रत घ्या. सुरुवातीचं निवेदन त्या अमेरिकन लेखकाचं काम करणाऱ्या जोसेफ कॉटनच्या आवाजात ऐकू आलं, तर ती कापलेली प्रत आहे असं समजून दुसरी शोधा.